आइस हॉकी वर्ल्ड कप २०२८: आठ जागा कोणाला आणि कशावर?

पकवेडा_बोस्टन:
मंडळी, इथे आइस हॉकी फॉलो करणारे थोडेच असतील पण जे आहेत त्यांना मनापासून विचारतोय. २०२८ च्या फेब्रुवारीत एनएचएल (अमेरिका-कॅनडाची व्यावसायिक आइस हॉकी लीग) परत वर्ल्ड कप भरवणारे, आठ टीम्सचा. माझा प्रश्न एवढाच की या आठ जागा कशाच्या जोरावर द्यायच्या? एनएचएलमध्ये कुठल्या देशाचे किती खेळाडू आहेत ते मोजून, वर्ल्ड रँकिंग बघून, की सरळ क्वालिफायर खेळवून?

हे डोक्यात बसलं ते २०२५ च्या फोर नेशन्सपासून, एनएचएलनेच भरवलेली चार देशांची स्पर्धा. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, बस, चारच. हॉकी जबरदस्त झाली यात वादच नाही, मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका मॅच सुरू होऊन नऊ सेकंद होतात न होतात तोच तीन मारामाऱ्या, आणि मग इथे बोस्टनला फायनल, मॅकडेव्हिडने ओव्हरटाइममध्ये मारून कॅनडाला ३-२ जिंकवून दिलं. पण त्या फायनलला पास्तरनाक नव्हता. डेव्हिड पास्तरनाक, बोस्टनचाच माणूस, ज्याचा ८८ नंबरचा शर्ट घालून अर्धं गार्डन (बोस्टनचं स्टेडियम) बसलेलं असतं. त्याच्या घरच्या रिंकवर जगातली सगळ्यात गाजलेली मॅच आणि तो घरी, कारण चेकियाला बोलावलंच नव्हतं. बरं चेकिया म्हणजे कोण, तर जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी प्रागला दरवर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये स्वित्झर्लंडला २-० हरवून वर्ल्ड चॅम्पियन झालेला देश, आणि त्या फायनलचा पहिला गोल याच पास्तरनाकचा. तिकडे ड्रायसाइटल, ज्याने त्या सीझनला ५२ गोल मारले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त, तो जर्मन म्हणून बाहेर.

लीगचं म्हणणं होतं की सगळे खेळाडू एनएचएलचेच हवेत, २३ जणांची टीम भरेल एवढे बाकी देशांकडे नाहीत आणि वेळही कमी होता. ठीक आहे, पण मग वर्ल्ड चॅम्पियनला बाहेर ठेवून त्याला 'बेस्ट ऑन बेस्ट', म्हणजे सगळ्यात चांगल्यांची सगळ्यात चांगल्यांशी टक्कर, कसं म्हणायचं हे मला अजून पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

ओंकार_ओंटारियो:
माझं मत थोडं वेगळं आहे आणि इथे राहतो म्हणून कॅनडाची बाजू घेतोय असं समजू नका. एनएचएल भर सीझनमध्ये लीग थांबवते, खेळाडूंचे पगार टीम्स भरतात, आणि कोणी जायबंदी झालं तर भोगायचं पण टीमनेच. मॅथ्यू टकाचक फोर नेशन्समध्ये दुखावला तो थेट प्लेऑफलाच परत दिसला. एवढी किंमत मोजून दहा दिवसांची स्पर्धा घ्यायची तर प्रत्येक मॅच तोडीस तोड हवी ना. बीजिंगला २०२२ मध्ये चीन यजमान म्हणून खेळला, त्यांना घ्यावं की नाही यावर आधी बरीच चर्चाही झाली होती, शेवटी कॅनडाने आधी ५-० आणि परत दोन दिवसांनी ७-२ ने हरवलं. त्यातून चीनच्या हॉकीला काय मिळालं आणि बघणाऱ्याला तरी काय मिळालं?

मला तर २०१६ च्या वर्ल्ड कपचा तोडगा आवडला होता. ज्या युरोपियन देशांची स्वतःची टीम भरत नाही त्यांची मिळून एक टीम युरोप. कोपिटार कॅप्टन, सोबत चारा, होसा, योसी, ड्रायसाइटल. गेले की फायनलपर्यंत! एकही चांगला खेळाडू वाया गेला नाही. तेच परत करा.

झुरिकची_मृणाल:
ओंकार, टीम युरोपचं उदाहरण तुम्ही दिलंत पण ते माझ्या बाजूने जास्त बोलतं. आठ वेगवेगळ्या देशांतली माणसं, एकत्र सरावाला फार तर थोडे दिवस, आणि तरी फायनलची दुसरी मॅच कॅनडाने एक मिनिट पण उरलं नव्हतं तेव्हा मार्शांच्या गोलवर काढली. म्हणजे हे खेळाडू पुरेसे चांगले आहेत हे तिथेच सिद्ध झालं. मग त्यांना स्वतःच्या देशाचा शर्ट का नाही? टीम युरोपसाठी कोणी गावात चौकात स्क्रीन लावून बघत नाही हो, इथे स्विस फायनल असली की काय होतं ते मी बघते. २०१३, २०१८, २०२४, २०२५, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या चार फायनल आणि चारही हरले, शेवटची तर स्टॉकहोमला अमेरिकेकडून ओव्हरटाइमला १-०. जो देश दोन वर्षं लागोपाठ फायनल खेळतो त्याला आमच्याकडे जागा नाही असं सांगायला कारण काय, तर एनएचएलमध्ये तुमची २३ माणसं नाहीत. इथली लीग चांगली आहे, पैसा चांगला आहे, बरेच चांगले खेळाडू अमेरिकेला जातच नाहीत, तो त्यांचा गुन्हा आहे का?

आणि स्लोव्हाकियाचं तर मला कायम वाईट वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९९३ ला चेकोस्लोव्हाकिया फुटला तेव्हा वरच्या ग्रुपमधली जागा चेक लोकांना गेली आणि स्लोव्हाकियाला सांगितलं तुम्ही तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. ज्यांची माणसं काल-परवापर्यंत वर्ल्ड चॅम्पियनशिपची मेडल्स घालत होती ते सी पूलमध्ये! त्यांनी तक्रार करत बसण्यापेक्षा १९९४ ला सी पूल जिंकला, १९९५ ला बी पूल जिंकला, १९९६ ला वर. २००० ला सिल्व्हर. तरी २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकला काय केलं, सहा मोठ्या देशांना थेट पुढच्या फेरीत जागा आणि स्लोव्हाकियाला आधीची प्राथमिक फेरी, आणि ती अशा तारखांना की एनएचएल अजून चालूच होती, त्यामुळे त्यांचे निम्मे स्टार टीममध्ये येऊच शकले नाहीत. जर्मनीकडून हरले, लाटव्हियाशी ६-६ बरोबरी, स्पर्धेबाहेर. तीन महिन्यांनी मे मध्ये हेच लोक गोथेनबर्गला वर्ल्ड चॅम्पियन झाले, रशियाला ४-३, बोंड्राचा गोल शेवटच्या दोन मिनिटांत. कोण लायक आणि कोण नाही हे टेबलावर बसून ठरवलं की असं होतं.

बीजिंगला चीनचं म्हणाल तर चीन क्वालिफाय होऊन आलाच नव्हता, यजमान म्हणून आला होता. तो क्वालिफायरच्या विरोधातला मुद्दा कसा होईल?

ओंकार_ओंटारियो:
२००२ चं मान्य, ते अन्यायाचंच होतं. पण मृणाल, एक अपवाद दाखवून नियम होत नाही. २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला डेन्मार्कने क्वार्टर फायनलला कॅनडाला घरी पाठवलं, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि पुढच्याच मॅचला स्वित्झर्लंडकडून ७-० हरले, मग ब्राँझच्या मॅचला स्वीडनकडून ६-२. एका रात्रीचा चमत्कार आणि सातत्य यात फरक आहे की नाही?

झुरिकची_मृणाल:
फरक आहे, पण ती रात्र तुम्ही नीट बघितलीत का? हर्निंगला, कॅनडाकडे क्रॉसबी होता, मॅकिनन होता. कॅनडा १-० पुढे, डेन्मार्कने गोलकीपर बाहेर काढून सहावा खेळाडू आणला, सव्वादोन मिनिटं उरलेली असताना एहलर्सने बरोबरी केली, आणि ४९ सेकंद बाकी असताना निक ओलेसनने दुसरा मारला. त्याआधी तिसऱ्या पिरियडभर डिचोव नावाच्या गोलकीपरने जे अडवलं ते अडवलं नसतं तर काहीच झालं नसतं. याला मी चमत्कार म्हणणार नाही, साठ मिनिटं टीम शिस्तीत खेळली. आणि मिलान ऑलिंपिकची जागा त्यांनी २०२४ ला ऑलबॉर्गला क्वालिफायर जिंकून मिळवलीय, कोणी बोलावलं म्हणून नाही.

सदाशिव_पेठ_स्पोर्ट्स:
मी हॉकीतला तज्ज्ञ नाही, रात्री हायलाइट्स बघणारा माणूस आहे, पण ही चर्चा वाचून मला आपलं क्रिकेटच आठवलं. २००७ च्या वर्ल्ड कपला आयर्लंडने पाकिस्तानला आणि बांगलादेशने आपल्याला हरवलं, दोन मोठे देश पहिल्याच फेरीत बाहेर, टीव्हीवाल्यांचं नुकसान झालं आणि पुढे २०१९ येईपर्यंत वनडे वर्ल्ड कप दहा टीम्सचा करून टाकला. २०१८ ला हरारेला क्वालिफायरमध्ये स्कॉटलंड वेस्ट इंडीजकडून पावसाच्या नियमाने पाच रनांनी बाहेर पडलं, डीआरएस नव्हता, त्यांच्या एका बॅट्समनला चुकीचं एलबीडब्ल्यू दिलं होतं असं मला तरी रिप्ले बघून वाटलं. आणि याच्या उलट २०२४ ला टी-ट्वेंटीला वीस टीम्स घेतल्या म्हणून तर आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवताना दिसला. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर भारताची मॅच असल्यासारखे मेसेज येत होते. दार उघडं ठेवलं म्हणून ते दिसलं. हॉकीवाल्यांनी आपल्याकडून एवढं तरी शिकावं.

एक प्रश्न, रशियाचं काय? त्यांना धरून आठ की सोडून?

पकवेडा_बोस्टन:
रशिया आणि बेलारूस दोघंही फेब्रुवारी २०२२ पासून बाहेर आहेत, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर आयआयएचएफने (आंतरराष्ट्रीय आइस हॉकी संघटनेने) काढलं. नुसतं हॉकी बघायचं तर ओवेचकिन, कुचेरोव्ह, कप्रिझोव्ह नसलेली स्पर्धा अपुरीच आहे, ओवेचकिनने एप्रिल २०२५ ला ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा रेकॉर्ड मोडला तो माणूस नाही म्हणजे काय ते समजतं. पण माझं स्पष्ट मत आहे की युद्ध चालू असताना त्या झेंड्याखाली टीम नको. युक्रेनमधल्या रिंक्सवर बॉम्ब पडलेत, तिथल्या खेळाडूने समोर उभं राहून हँडशेक करावा अशी अपेक्षा मी तरी करू शकत नाही. खेळाडू एनएचएलमध्ये खेळतायत, ते खेळू देत.

अनघा_के:
तुम्ही सगळे पुरुषांच्या हॉकीवर बोलताय म्हणून मध्ये पडते. बायकांच्या हॉकीत हाच वाद जास्त कठोरपणे झालाय. कॅनडा आणि अमेरिका सोडून कोणी जिंकतच नाही तर हा खेळ ऑलिंपिकला कशाला, असं खरंच बोललं गेलं, २०१० ला व्हँकुव्हरमध्ये आयओसीच्या (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या) अध्यक्षांनीच सुधारणा दिसल्या नाहीत तर पुढे ठेवता येणार नाही असा इशारा दिला होता. सुदैवाने काढलं नाही. पण २००६ ला ट्यूरिनला स्वीडनने सेमीफायनलला अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवलं होतं ना, किम मार्टिन गोलमध्ये, तेव्हा ती १९-२० वर्षांची होती! आणि २०१९ ला एस्पूला फिनलंडने वर्ल्ड चॅम्पियनशिप जवळजवळ जिंकलीच, ओव्हरटाइममध्ये नीमिनेनचा गोल झाला, मुलींनी हेल्मेट ग्लोव्ह्ज हवेत फेकले, आणि बराच वेळ रिव्ह्यू करून तो गोल रद्द केला, मग शूटआउटला अमेरिका. मोठ्यांशी खेळायलाच मिळालं नसतं तर या मुली तिथवर पोचल्या असत्या का? पातळी वाढल्यावर जागा देऊ म्हणणाऱ्यांना माझा हाच प्रश्न असतो.

आणि हो, आपल्या लडाखच्या मुलींनी २०२५ ला आशिया-ओशनिया कपला ब्राँझ घेतलं, वर्षातले थोडेच महिने नैसर्गिक बर्फ मिळतो त्यावर सराव करून. त्यांना वर्ल्ड कप द्या असं कोणीच म्हणत नाहीये, पण खालच्या पायरीवरून वर जायला जिना तर हवा.

ओंकार_ओंटारियो:
अनघाताई, जिना हवा हे शंभर टक्के मान्य. माझं म्हणणं इतकंच की तो जिना वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आहेच. सोळा देश, दरवर्षी दोन खाली दोन वर, २०२५ ला फ्रान्स आणि कझाकस्तान गेले, ब्रिटन आणि इटली आले. २०१९ ला ब्रिटन फ्रान्सविरुद्ध ०-३ मागे होतं आणि ओव्हरटाइमला ४-३ जिंकून टिकलं, ती मॅच मी आजही कधीकधी लावतो. पण प्रत्येक स्पर्धेने तेच करायला पाहिजे असं नाही. मग सांगा, तुमचे आठ कोण?

पकवेडा_बोस्टन:
ओंकार, वर्ल्ड चॅम्पियनशिप मे मध्ये असते आणि तेव्हा एनएचएलचे प्लेऑफ चालू असतात, म्हणजे तिथे अर्धे मोठे खेळाडू नसतातच. म्हणून तर सगळे उपलब्ध असतील अशा स्पर्धेची जागा महत्त्वाची.

माझं असं मत आहे. सहा जागा वर्ल्ड रँकिंगवर द्या, पण चार वर्षांचं रँकिंग, एका सीझनचं नाही, त्यात कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, चेकिया, स्वित्झर्लंड बहुतेक येतीलच, नाही आले तर नाही आले, नावावर कोणी नको. उरलेल्या दोन जागांसाठी जर्मनी, स्लोव्हाकिया, लाटव्हिया, डेन्मार्क, स्लोव्हेनिया, नॉर्वे वगैरे खेळू देत. आणि रोस्टरची अट, म्हणजे टीममधले सगळे एनएचएलचेच हवेत ही, काढा. एनएचएलमध्ये नसलेला पण झुरिक किंवा मानहाइमला खेळणारा माणूस चालायला हवा. जर्मनीने २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर घेतलं तेव्हा त्यांच्याकडे ड्रायसाइटल पण नव्हता, बहुतेक टीम घरच्या लीगची होती.

लाटव्हियाचं मुद्दाम सांगतो. साधारण १९ लाखांचा देश, आपल्या नागपूर शहरापेक्षा कमी माणसं. २०२३ ला ताम्पेरेला ब्राँझसाठी अमेरिकेला ओव्हरटाइममध्ये ४-३ हरवलं, शेवटचा गोल रुबिन्सचा, आणि त्याच रात्री त्यांचं पार्लमेंट बसलं आणि दुसऱ्या दिवशी सोमवारची सुट्टी जाहीर केली. अशा देशाला क्वालिफायर खेळायची पण संधी नाही हे मला कोणी समजावून सांगावं.

झुरिकची_मृणाल:
रोस्टरची अट काढायला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त दोनाऐवजी तीन जागा क्वालिफायरला ठेवा, पाच रँकिंगवर. सहाव्या आणि सातव्या नंबरमध्ये एवढं अंतर राहिलेलं नाही आता.

ओंकार_ओंटारियो:
सहा-दोन मला चालेल, पाच-तीन नाही. आणि क्वालिफायर एनएचएल सीझन सुरू व्हायच्या आधी सप्टेंबरमध्ये घ्या, म्हणजे ड्रायसाइटल, स्लोव्हाकियाचा स्लाफकोव्स्की सगळे खेळू शकतील, २००२ सारखं व्हायला नको.

पकवेडा_बोस्टन:
सप्टेंबर एकदम बरोबर, तेव्हा ट्रेनिंग कॅम्प चालू असतात पण मॅचेस नसतात. आणि ते घ्या रीगा आणि ब्रातिस्लाव्हाला, एकेक गट. त्या दोन शहरांत तिकिटं विकायला कोणाला जाहिरात करावी लागणार नाही.