पहिली कॅराव्हॅन: घरचा मिक्सर, किटली, इंडक्शन चालेल का? मदत हवी आहे

मीठभाकर

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात, लेस्टरला असतो. नुकतीच पहिली कॅराव्हॅन घेतली. वापरलेली आहे, गाडीमागे जोडून न्यायची, चौघं झोपतील एवढी. मेअखेरच्या बँक हॉलिडेला लेक डिस्ट्रिक्टला जायचं ठरलंय आणि नेमके तेव्हाच सांगलीहून सासूबाई-सासरे येतायत. म्हणजे सँडविचवर भागणार नाही.

विकणारा म्हणाला, "घरचं सगळं चालतं, सॉकेट तेच आहेत." शेजारचे आजोबा आयुष्यभर कॅराव्हॅन घेऊन हिंडलेत. ते म्हणतात घरातली एकही विजेची वस्तू आत न्यायची नाही, कॅराव्हॅनच्या दुकानातून वेगळ्या घ्यायच्या. त्या दुकानातल्या किमती बघून मी परत आले.

न्यायचं मनात आहे ते असं: घरची किटली (खाली ३००० वॅट लिहिलंय), पुण्याहून आणलेला ७५० वॅटचा मिक्सर (गोल पिनांचा प्लग), एका शेगडीचं इंडक्शन २००० वॅटचं, टोस्टर, माझा हेअर ड्रायर, आणि सासऱ्यांसाठी फॅन हीटर, कारण मे महिना असला तरी त्यांच्यासाठी ती थंडीच. कॅराव्हॅन उभी करायच्या साइटच्या ईमेलमध्ये "१० अँपिअर हुकअप" (म्हणजे तिथली वीजजोडणी) एवढंच लिहिलंय. याचा हिशोब कसा करायचा? शिवाय एक रात्र एका शेतावर थांबणार आहोत, तिथे वीजच नाही. तिथे बॅटरीवर मिक्सर फिरेल का?

नवरा म्हणतो "जाऊन बघू". मला जाऊन बघायचं नाहीये.

खटपट्या

विकणारा आणि आजोबा, दोघांचंही अर्धं बरोबर. वस्तू घरची की कॅराव्हॅनची याने विजेला काही फरक पडत नाही. २३० व्होल्ट घरातही आणि हुकअपवरही. फरक आहे तो एका वेळी किती ओढता येईल याचा.

१० अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे २३०० वॅट. १६ अँपिअरची साइट असती तर ३६८० मिळाले असते. आता तुमच्या २३०० मधून तुम्ही काहीही न लावता काय जातं ते बघा. फ्रिज विजेवर टाकलात की दीडएकशे वॅट. बॅटरीचा चार्जर शंभर-दोनशे. पाणी तापवायचा बॉयलर बऱ्याच कॅराव्हॅनमध्ये ८५० वॅटच्या आसपास असतो. हे सगळं चालू असताना हातात उरतात हजार-अकराशे वॅट. सासरे आंघोळीला निघाले की बॉयलर चालू असणारच, हे धरून चाला.

आता तुमची यादी. ज्या वस्तू उष्णता करतात त्या वीज खातात, ज्या फिरतात त्या फारशी खात नाहीत. मिक्सर खुशाल न्या. टोस्टर ८००-९०० वॅटचा असेल तर एकट्याने चालेल. हेअर ड्रायरची कमी तापाची खूण वापरा, किंवा प्रवासातला हजार-बाराशे वॅटचा घ्या. घरचा २००० वॅटचा फुल सोडलात तर बॉयलर आणि फ्रिज बंद करून बसावं लागेल. फॅन हीटर घरी ठेवा. कॅराव्हॅनमध्ये स्वतःचा हीटर असतो, तो बहुतेक गॅसवरही चालतो आणि विजेवरही, आणि विजेवर ५००, १००० असे टप्पे असतात. रात्री झोपताना ५०० वर ठेवला की ऊब टिकते.

किटली ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर. तुमच्या हुकअपपेक्षा जास्त. तरीही काही जण छातीठोकपणे सांगतील की आमची घरची किटली १० अँपिअरवर मजेत चालते. ते खोटं बोलत नाहीत. साइटवर वीज देणाऱ्या खांबावरचा ब्रेकर (भार वाढला की वीज तोडणारा खटका) थोड्या जास्त भाराला लगेच पडत नाही, आतली पट्टी तापायला वेळ लागतो, आणि किटली दोन-तीन मिनिटांत बंद होते. पण तिच्या जोडीला बॉयलर चालू असला की भार १७-१८ अँपिअरवर जातो आणि मग तो पडतो. पहाटे साडेपाचला चहाच्या वेळी पडला आणि खांबाची पेटी कुलुपात असली, तर वॉर्डनला उठवत बसा.

७५०-९०० वॅटची किटली साध्या दुकानातही मिळते, कॅराव्हॅनची पाटी लागलेलीच घ्यायला हवी असं नाही. लिटरभर पाण्याला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढंच. वीज तेवढीच खर्च होते, फक्त हळू.

इंडक्शनबद्दल एक लक्षात ठेवा. स्वस्तातली बरीच इंडक्शन ३०० किंवा ५०० वर ठेवली तरी सलग तेवढीच ओढत नाहीत. काही सेकंद मोठ्या भाराने चालतात, मग थांबतात, मग परत. म्हणजे आकडा कमी दिसला तरी झटका मोठाच. १०००-१२०० वर सलग चालणारी असेल तर न्या, आणि ती चालू असताना दुसरं काही लावू नका.

डोंगरवेडी

मीठभाकर, इतका हिशोब कशाला करताय? गॅस आहे ना! आमच्याकडे कुकर, पोळ्या, चहा सगळं गॅसवर. वीज फक्त फ्रिज, दिवे, मोबाईलला. लेक डिस्ट्रिक्टमध्ये मेमध्येही रात्री पारा बराच उतरतो, म्हणून लाल सिलिंडरचा प्रोपेन घ्या. ब्युटेन शून्याच्या आसपास गारठला की वाफ होत नाही आणि शेगडी मंदावते.

कुकर मात्र ३ लिटरचा न्या. कॅराव्हॅनची शेगडी लहान असते, ५ लिटरचा ठेवला की बाजूची जाळी अडते. शेगडीवरचं काचेचं झाकण पूर्ण उघडं ठेवायचं, आणि छताची खिडकी उघडल्याशिवाय शिट्टी करायची नाही. नाहीतर वाफ सगळी भिंतींवर जाऊन बसते आणि रात्री गाद्या ओलसर लागतात. जमिनीजवळ आणि दारापाशी हवेच्या ज्या जाळ्या दिसतात त्या थंडी येते म्हणून कापड कोंबून बंद करू नका. गळलेला गॅस तिथूनच बाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का तेही बघून घ्या. आणि शेगडी पेटवून खोली गरम करायची, हा विचार सासऱ्यांच्या मनात आला तर प्रेमाने हाणून पाडा.

घाटावरचा

बांगडे तळणार असाल तर आत अजिबात तळू नका. गाद्यांना वास लागला की पुढचे दोन महिने मांजरी मागे येतील. काही कॅराव्हॅनना बाहेरच्या बाजूला सॉकेट असतं. इंडक्शनचा खरा उपयोग तिथे, उघड्यावर. फक्त ऑनिंगच्या (कॅराव्हॅनला बाहेरून जोडतात त्या) तंबूत कोळशाची शेगडी नको, विझत आलेली सुद्धा.

मीठभाकर

बांगडे! सासूबाईंना सांगायलाच नको होतं, आता यादीत आलेत.

खटपट्या, मनापासून धन्यवाद. म्हणजे किटली छोटी घेते, फॅन हीटर रद्द, कुकर गॅसवर. मिक्सरच्या गोल प्लगला मी युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर लावते घरी. तोच चालेल ना? आणि हुकअपची वायर रिळावर गुंडाळलेली मिळाली आहे, लागेल तेवढीच सोडायची ना? शेताचं राहिलंच.

खटपट्या

वायर पूर्ण सोडायची. २५ मीटरची असते, खांब पाच मीटरवर असला तरी सगळी उलगडा आणि कॅराव्हॅनखाली सैल वळणांत पसरून ठेवा. रिळावर गुंडाळलेली वायर भार आला की तापते आणि आवरण वितळू शकतं. यात तडजोड नको. जोडताना आधी कॅराव्हॅनकडचं टोक, मग खांबाकडचं. काढताना आधी खांबाकडचं. काही खांबांवर निळा प्लग घालून उजवीकडे पिळावा लागतो, नाहीतर वीज सुरूच होत नाही. नवीन माणूस तिथेच घाबरतो.

वीज आली की आतल्या फ्युजबॉक्सवरच्या आरसीडीचं (वीज गळली की लगेच तोडणाऱ्या खटक्याचं) टेस्टचं बटण दाबून बघा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर काही लावू नका.

मिक्सरचा अ‍ॅडॉप्टर मला पसंत नाही. बऱ्याच स्वस्त युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टरमध्ये फ्यूज नसतो, पिना ढिल्या बसतात आणि मिक्सर हादरला की ठिणग्या उडतात. गोल प्लग कापून इथला तीन पिनांचा लावा. तपकिरी वायर फ्यूजच्या बाजूला, निळी दुसऱ्या बाजूला, हिरवी-पिवळी वरच्या मोठ्या पिनेला. मिक्सर जुना असेल तर लाल, काळी, हिरवी असतील: लाल म्हणजे तपकिरी, काळी म्हणजे निळी. हात बसलेला नसेल तर कोणाकडून तरी लावून घ्या.

शेतावरचं. ११० अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर तिच्यातले अर्धेच वापरायचे, म्हणजे साधारण ६५० वॅट-तास. मिक्सर तीन मिनिटं फिरवला तर चाळीसेक वॅट-तास गेले, ते काहीच नाही. अडचण वेगळी आहे. ७५० वॅटसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६५-७० अँपिअर ओढले जातात, आणि मोटर सुरू होताना त्याच्या दुपटीहून जास्त. त्यासाठी दीड-दोन हजार वॅटचा, प्युअर साइन वेव्हचा (घरच्यासारखी वीज देणारा) इन्व्हर्टर आणि जाड वायरी लागतील. एका रात्रीच्या चटणीसाठी हा खर्च मी करणार नाही. घरची ३००० वॅटची किटली तर इन्व्हर्टरवर विसरा, ती अडीचशेहून जास्त अँपिअर मागेल.

डोंगरवेडी

घरून निघतानाच वाटण करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शेतावर फ्रिज गॅसवर चालतो, मात्र कॅराव्हॅन सपाट उभी हवी.

मीठभाकर

हे जमेल. ओलं खोबरं, मिरची, आलं-लसूण घरीच वाटून नेते. शेवटचा प्रश्न: मिक्सरच्या नव्या प्लगमध्ये फ्यूज कितीचा? दुकानात प्लग १३ चाच फ्यूज घालून मिळतो.

खटपट्या

१३ चा काढून ५ चा घाला. ७५० वॅट म्हणजे सव्वातीन अँपिअर. ३ चा सुरू होताना उडू शकतो, आणि १३ चा ठेवलात तर ती बारीक वायर जळेपर्यंत तो उडायचा नाही.