डीपीएफ काढून टाकावा की दुरुस्त करावा? (भारत स्टेज 6 डिझेल एसयूव्ही)

कात्रजघाट:
नमस्कार. माझी भारत स्टेज 6 या प्रदूषण मानकाची 2.2 लिटर डिझेल एसयूव्ही आठवडाभर कोथरूड ते शिवाजीनगर एवढ्याच पट्ट्यात फिरते. लांबचा प्रवास तिला क्वचितच घडतो. गेले काही महिने डीपीएफचा (एक्झॉस्टमधील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागत आहे, आणि मागील आठवड्यात गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवण्यासाठी ताकद आपोआप कमी होते त्या स्थितीत) गेल्याने चांदणी चौकाच्या चढावर तिने मानच टाकली. अधिकृत सेवाकेंद्राने डीपीएफ बदलण्याचे जे अंदाजपत्रक हाती ठेवले, ते पाहून डोळे पांढरे झाले. दुसरीकडे, एका खासगी गॅरेजने डीपीएफ आतून रिकामा करणे, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणा) पट्टी मारून बंद करणे, ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप करणे म्हणजे त्याचा प्रोग्रॅम बदलणे आणि फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा, जास्त आवाजाचा) सायलेन्सर बसवणे हे सगळे निम्म्याहून कमी पैशांत करून देण्याची तयारी दाखवली असून, पिकअप व ॲव्हरेज वाढेल आणि पीयूसीचीही चिंता नको, अशी हमी दिली आहे. जाणकारांनी तांत्रिक आणि कायदेशीर अशा दोन्ही बाजूंनी मार्गदर्शन करावे.

इंजेक्टर:
डीपीएफ का भरला, हा प्रश्न आपल्याला सेवाकेंद्रानेही विचारलेला दिसत नाही आणि गॅरेजनेही नाही. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागते. ते गाठण्याकरिता ईसीयू ज्वलनानंतर उशिरा थोडे जादा डिझेल फवारते, आणि ते डीपीएफच्या अलीकडील ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमध्ये जळून एक्झॉस्ट तापतो. या रीजनरेशनला काही मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालावी लागते. कर्वे रस्त्याच्या गर्दीत ते सुरू होते आणि आपण मुक्कामी पोहोचून चावी फिरवली की अर्धवट राहते. आयडलिंगचे आरपीएम किंचित वाढलेले असणे, गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात घोंघावत राहणे आणि एक्झॉस्टला जळका वास येणे या खुणा दिसत असतील, तर आपल्या गाडीत नेमके हेच घडत आहे.

अर्धवट रीजनरेशनचा आणखी एक परिणाम म्हणजे उशिरा फवारलेले काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. म्हणून सर्वप्रथम डिपस्टिक काढून पातळी पाहावी आणि ऑइलचा वास घ्यावा. त्यानंतर चांगल्या स्कॅनरवर काजळीचे प्रमाण, राखेचे प्रमाण आणि डिफरन्शियल प्रेशर सेन्सरचे (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या) आकडे वाचून घ्यावेत. या सेन्सरच्या रबरी नळ्या तडकल्या तरी ईसीयूला चुकीचा दाब कळतो आणि चांगला फिल्टर बदलण्याची पाळी येते. गळका इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून जाणारे ऑइल किंवा उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह यांपैकी काही असेल, तर नवा डीपीएफही पुन्हा भरेल. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधील ॲडिटिव्हांपासून येते, त्यामुळे कंपनीने सांगितलेलेच कमी राखेचे ऑइल वापरणे आवश्यक आहे.

गॅरेजच्या प्रस्तावाविषयी सांगायचे तर डबा कापून आतली मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिक जाळी फोडून काढतात, वरून वेल्डिंग करतात आणि सेन्सरांना खोटे पटवणारा प्रोग्रॅम ईसीयूमध्ये भरतात. ॲव्हरेजमधला फरक मुख्यतः रीजनरेशनचे डिझेल वाचल्याने दिसतो. बदल्यात काय सुटते तेही पाहावे. अडीच टनांपर्यंतच्या प्रवासी डिझेल गाडीसाठी सूक्ष्मकणांची मर्यादा भारत स्टेज 4 मध्ये किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम होती, ती 6 मध्ये 4.5 मिलिग्रॅम झाली, आणि हा पल्ला डीपीएफमुळेच गाठता आला. डिझेलचा धूर 2012 पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे.

कलम52:
कायदेशीर बाजू. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायू प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन चालवल्यास कलम 190(2) वेगळे लागते. त्यात दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे आणि तीन महिने लायसन्सही जाते. फ्री-फ्लो सायलेन्सर आवाजाच्या बाबतीत याच कलमात येतो.

पीयूसीच्या हमीवर तर मुळीच विसंबू नये. त्या चाचणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. त्यामुळे ईजीआर बंद असलेली गाडीही तेथून सुटू शकते, पण प्रमाणपत्र मिळाल्याने तो बदल कायदेशीर ठरत नाही.

जुनाडिझेल:
एवढा बाऊ करण्याचे कारण मला तरी दिसत नाही. आमच्या भागात जुन्या जीपगाड्यांचे ईजीआर सर्रास पट्टी मारून बंद केलेले आहेत आणि त्या आजही ऊस हंगामात दणक्यात धावतात.

इंजेक्टर:
त्या गाड्यांची तुलना येथे लागू होत नाही. त्या पिढीच्या इंजिनांत ईजीआर बऱ्याच अंशी स्वतंत्र असे. भारत स्टेज 6 मध्ये इंधनाचे वेळापत्रक, टर्बोचा दाब आणि एक्झॉस्टचे तापमान हे सगळे ईजीआर गृहीत धरून बसवलेले असते. नुसती पट्टी मारली तर चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तो घालवायला रिमॅप करावाच लागतो. तो रिमॅप कोणी, कोणत्या चाचणीवर तपासला, याचे उत्तर गॅरेजकडे नसते.

कात्रजघाट:
सर्वांचे आभार. आज डिपस्टिक पाहिली. ऑइल कमाल खुणेच्या वर आहे आणि डिझेलचा वास स्पष्ट येतो. उद्या द्रुतगती मार्गावर लोणावळ्यापर्यंत गाडी पळवून आणली तर रीजनरेशन पूर्ण होईल का?

इंजेक्टर:
या अवस्थेत पळवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरेसे संरक्षण देत नाही, आणि पातळी फार वाढली तर ते ब्रीदरमधून (इंजिनातील वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, ओढले जाऊन इंजिन बेकाबू होण्याचा धोका असतो. आधी ऑइल व फिल्टर बदलून घ्यावा, मग स्कॅनरवर काजळीचा आकडा पाहावा. तो मर्यादेत असल्यास वर्कशॉपमध्येच फोर्स्ड रीजनरेशन (गाडी उभी ठेवून स्कॅनरने सुरू केलेले) करून घ्यावे. मात्र त्या वेळी गाडीखाली वाळके गवत किंवा तेलकट चिंध्या नसाव्यात, आणि काम संपल्यावर ऑइलची पातळी पुन्हा तपासावी.