पहिल्याच परिच्छेदाभोवती घोटाळणे

नवोदित लेखकांना सर्वांत घातक ठरणारी सवय कोणती, या प्रश्नावर आळस आणि वाचनाचा अभाव ही दोन उत्तरे इतरांनी दिलीच आहेत आणि त्यांविषयी माझे दुमत नाही. मात्र जी सवय बाहेरून मेहनतीसारखी दिसते, ती मला अधिक घातक वाटते. पहिला परिच्छेद मनासारखा उतरल्याशिवाय पुढे जायचेच नाही, असा हट्ट धरणारा लेखक रोज तोच मजकूर उघडतो, दोन विशेषणे काढतो, एक परत घालतो आणि आपण लिहीत आहोत या समाधानात उठतो. कथा मात्र तिथेच थांबलेली असते. वास्तविक सुरुवात कशी हवी होती हे पुष्कळदा शेवट हाती आल्यावरच कळते. (माझ्या एका कथेच्या अशा सात सुरुवाती अजून पडून आहेत, कथा नाही.)

लिहिणे आणि तपासणे यांच्या वेळा वेगळ्या ठेवणे, हा यावरचा उपाय. टपाल खात्यात नोकरी करणारे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप पहाटे प्रथम अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचत आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. त्यांच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. इतका काटेकोरपणा प्रत्येकाला मानवेलच असे नाही, पण मागे वळून पाहण्याला त्यांनी मुदत घातली होती, हे महत्त्वाचे.

न लिहिलेली कथा मित्रांना सांगत सुटणे हीदेखील अशीच एक सवय; दाद आधीच मिळाल्यावर लिहिण्याची निकड उरत नाही.