कोल्हापूरच्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) एकटी दिसणारी पोरं: तालमीनं फ्लेक्स लावावा की दुसरं काही करावं?

पेठेतला_कार्यकर्ता
आमच्या तालमीनं (पेठेतल्या मंडळानं) यंदा 14 नोव्हेंबरला, घर सोडून आलेल्या आणि उघड्यावर राहणाऱ्या मुलांबद्दल जनजागृती करायचं ठरवलंय. 15 हजार बाजूला काढलेत. बहुतेकांचं मत बिंदू चौकात मोठा फ्लेक्स, रॅली आणि शाळांत पत्रकं असं आहे. मला शंका आहे की फोटो निघतील आणि विषय संपेल. सीबीएस, रेल्वे स्टेशन आणि अंबाबाई मंदिराच्या आसपास नेमकं काय केलं तर उपयोग होईल? फलकावर काय लिहायचं? आणि एखादं पोरगं खरंच समोर आलं तर कार्यकर्त्यानं पुढं काय करायचं?

चौकशी_खिडकी
रॅली सोडा राव. घरातून निघालेलं पोरगं फ्लेक्स वाचायला थांबत नाही. त्याला आधी बघणारी माणसं ठरलेली असतात: रिक्षावाला, कंडक्टर, चहाची टपरी, स्टेशनवरचा हमाल, स्वच्छतागृहात पैसे घेणारा, लॉजचा मॅनेजर, अन्नछत्रात वाढणारा. यातल्या शंभरेक माणसांना गाठा, प्रत्येकाला दहा मिनिटं द्या.

त्यांना काय बघायचं ते सांगा. शाळेच्या वेळेत गणवेशात, पण दप्तरात कपडे. एकाच बाकावर बसून तीन-चार गाड्या सोडून देणारं. मुंबईचं तिकीट विचारून पैसे मोजत परत फिरणारं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत 'काका' आहे, पण काकाला पोराचं पूर्ण नाव सांगता येत नाही. स्टेशनवर संध्याकाळनंतर जास्त लक्ष हवं, कारण मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे.

बोलायचं कसं? पहिला प्रश्न "जेवलास काय?" हाच. "पळून आलायस न्हवं?" म्हटलं की पोरगं गर्दीत नाहीसं. पोलिसांची भीती घालू नका, हात धरून ओढू नका. चौकशी खिडकीजवळ, चार माणसांच्या नजरेत बसवा आणि 1098 लावा. ही चाइल्ड हेल्पलाइन 2023 पासून सरकारकडे आली आणि आपत्कालीन 112 शी जोडली गेली, नंबर मात्र तोच, फुकट आणि चोवीस तास. फोनवर "स्टँडवर आहे" एवढं पुरत नाही. फलाट क्रमांक, कपड्यांचा रंग आणि सोबत कोण आहे ते सांगा. कोणी ओढून नेत असेल तर थेट 112. चालत्या गाडीत रेल्वेचा 139.

कलम_वाचणारी
वरच्यात भर घालते. चांगल्या मनाची माणसं नेमकी इथंच चुकतात.

तिकीट काढून गाडीत बसवून देणं ही पहिली चूक. मिरजेला उतरून पोरगं दुसऱ्या गाडीत बसतं. मारहाण घरातच होत असेल तर आपणच त्याला परत तिथं ढकललेलं असतं. एका रात्रीपुरतं का होईना, स्वतःच्या घरी नेणं ही दुसरी. उद्या अपहरणाचा आरोप येऊ शकतो. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे असं मूल 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बाल कल्याण समितीसमोर गेलं पाहिजे. पोलीसच लागतात असं नाही, कलम 31 खाली सामान्य नागरिकही नेऊ शकतो. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यासमोर हजर करता येतं. घरी पाठवायचं की बालगृहात ठेवायचं, हे समिती ठरवते. आपण नाही, पोलीसही नाहीत.

पोलीस आले तर 'बालकल्याण पोलीस अधिकारी' कोण ते विचारा, प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असतो. मुलाशी बोलताना त्यानं साध्या वेशात असावं, आणि मूल कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात देताना नाव, बक्कल नंबर, वेळ लिहून घ्या.

"मी 19 चा आहे" म्हणणारं पोरगं 15 चं दिसत असेल तर लहानच समजा. वयाचा वाद झालाच तर आधी शाळेचा दाखला, नाहीतर जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी.

आणि तालमीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. कलम 74 प्रमाणे अशा मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा झाकून गणवेश दाखवला तरी ओळख पटतेच.

रद्दी_आणि_शाई
छपाईबद्दल. 10 बाय 15 फुटी फ्लेक्सचे पैसे कार्डांत घाला. व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचं, एका बाजूला फक्त 1098, इतकं मोठं की चष्म्याशिवाय वाचता यावं. मागं तीन ओळी: बसवा. जेवायला विचारा. फोन करा. मराठीबरोबर कन्नड आणि हिंदी घ्याच, निपाणी-बेळगावकडून येणारी पोरं कमी नसतात. रिक्षात स्टिकर ड्रायव्हरच्या समोर लावा, प्रवाशाच्या मागं नाही. वाचायचं त्याला आहे.

परवानगी तीन ठिकाणची. एसटीच्या आवारात आगार व्यवस्थापकाची लेखी. स्टेशनवर स्टेशन मास्तरांकडे अर्ज द्या, पण तो पुणे विभागाकडे जातो, तेव्हा महिनाभर आधी. रस्त्यावर महापालिकेची, विनापरवाना लावलं तर 1995 चा मालमत्ता विरूपण कायदा तालमीलाच लागतो.

रडणारं, फाटक्या कपड्यातलं पोरगं छापू नका. लोक तसल्या पोराला शोधतात आणि बाकावरच्या गणवेशातल्याकडे बघतही नाहीत.

पेठेतला_कार्यकर्ता
फ्लेक्स रद्द. दोन प्रश्न राहिले. पालकांसाठी काय सांगायचं? आणि 18 च्या पुढच्यांचं काय?

कलम_वाचणारी
पालक अजून "24 तास थांबा" यावर विश्वास ठेवून बसतात. तसला नियमच नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा दाखल करायचा. "आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यायचा गुन्हा) मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती तरतूद आहे. जाताना अलीकडचा फोटो, उंची, अंगावरचे कपडे, मोबाइलचा आयएमईआय नंबर, इन्स्टाग्राम आणि गेमचे आयडी, मित्रांची यादी न्या. खोली आवरू नका, वहीत काहीतरी सापडतं. मिरजेच्या लोहमार्ग पोलिसांनाही कळवा, कोल्हापुरातून सुटणारी प्रत्येक गाडी तिथूनच पुढं जाते.

हरवल्याच्या पोस्टवर आईचा मोबाइल नको, ठाण्याचा नंबर आणि तारीख टाका. "पोरगं आमच्याकडं आहे, पैसे पाठवा" असे फोन येतात, आणि मूल सापडल्यावरही बिनतारखेची पोस्ट वर्षानुवर्षं फिरत राहते.

चौकशी_खिडकी
18 च्या पुढं बाल कल्याण समिती नाही. महापालिकेचं बेघर निवारा केंद्र, मुलगी असेल तर महिला हेल्पलाइन 181 किंवा सखी वन स्टॉप सेंटर, मनाची घालमेल असेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416. बालगृहातून वय पूर्ण झाल्यानं बाहेर पडलेल्यांना 21 पर्यंत अनुरक्षण, म्हणजे पायावर उभं राहायला मदत, मिळू शकते, त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज. कार्डाच्या मागच्या बाजूला 181 आणि 14416 बसतात का बघा. नाही बसले तर ते पुढच्या बाजूला घेऊन 1098 चा आकार मात्र कमी करू नका.