ऐन हंगामात सॉफ्टवेअरची वर्गणी साडेतीनपट झाली आहे. संस्थेने काय करावे?

साखरशाळा कार्यकर्ती, सांगली

नमस्कार. आमची नोंदणीकृत विश्वस्त संस्था वाळवा तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वर्ग चालवते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या आल्या की आमचे कार्यकर्ते कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर जाऊन प्रत्येक मुलाचे नाव, गावची शाळा, इयत्ता आणि झालेल्या लसी मोबाईलवर नोंदवतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की हीच नोंद कागदावर काढून आम्ही मूळ शाळेत पाठवतो, म्हणजे गावी परतलेल्या मुलाचे वर्ष वाया जात नाही.

या नोंदींसाठी चार वर्षांपासून आम्ही एक सॉफ्टवेअर वापरत आहोत. सेवाभावी संस्था म्हणून आम्हाला वर्षाला एकरकमी 36,000 रुपये पडत असत. गेल्या सोमवारी कंपनीचा ई-मेल आला की सवलतीची योजना बंद झाली असून यापुढे प्रत्येक वापरकर्त्यामागे दरमहा 600 रुपये द्यावे लागतील. आमचे 18 कार्यकर्ते धरले तर वर्षाचे 1,29,600 रुपये होतात, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. मुदत फक्त 19 दिवसांची आहे. दर वाढवण्याचा कंपनीचा अधिकार मला मान्य आहे, परंतु विश्वस्तांनी मार्चमध्ये मंजूर केलेल्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोठेच नाही आणि ती भरायची तर एका शिक्षिकेचे मानधन थांबवावे लागेल. ते मला कोणत्याही परिस्थितीत करायचे नाही. अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

संस्थांचे हिशेब पाहणारा, सातारा

ताई, सर्वप्रथम संस्थेच्या कार्डावरून दरवर्षी आपोआप पैसे वळते होण्याची परवानगी दिलेली आहे का, ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वसुलीपूर्वी किमान 24 तास आधी सूचना यावी लागते आणि 15,000 रुपयांवरील रकमेला ओटीपी द्यावाच लागतो. तरीही कंपनीशी बोलणे पूर्ण होईपर्यंत ती परवानगी बँकेकडून रद्द करून घेणे इष्ट.

दुसरे असे की, संस्था जीएसटीखाली नोंदणीकृत नसेल तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तुमचा खरा खर्च 1,52,928 रुपये आहे आणि विश्वस्तांपुढे हाच आकडा ठेवावा. देणगीदाराने विशिष्ट कामासाठी दिलेला निधी परस्पर इकडे वळवू नये. त्यांची लेखी संमती घ्यावी. निधी परदेशातून आलेला असेल तर अधिक जपावे, कारण परदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने त्या निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आहे.

पाणलोट कार्यकर्ता, दहिवडी

आमच्या संस्थेवर दोन वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती, म्हणून अनुभवाने सांगतो: दराची बोलणी नंतर करा, आधी आजच्या आज आपल्या सर्व नोंदी उतरवून घ्या. खाते बंद पडल्यावर नोंदी मिळतील की नाही, हे पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर राहते आणि मग बोलणी बरोबरीची राहत नाहीत.

आम्ही नोंदी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्याच्या फाईलमध्ये उतरवल्या आणि ती एक्सेलमध्ये उघडली, तेव्हा माण तालुक्यातील 43 गावांच्या नावांऐवजी नुसती अगम्य चिन्हे दिसू लागली. आमच्या संगणकावर बसणाऱ्या मुलीला रडू कोसळले, कारण सगळे गेले असेच तिला वाटले. प्रत्यक्षात नोंदी शाबूत होत्या. तीच फाईल लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडताना जी खिडकी येते, तिथे अक्षरसंच म्हणून यूटीएफ-8 निवडल्यावर सर्व मराठी जसेच्या तसे दिसले. त्याच खिडकीत जन्मतारखेच्या आणि मोबाईल क्रमांकाच्या रकान्यांना 'मजकूर' हा प्रकार द्यावा, नाहीतर दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते आणि सुरुवातीचे शून्य गळते. लहान मुलांच्या जन्मतारखेत अशी चूक झाली तर ती शाळेच्या दप्तरापर्यंत जाईल. छायाचित्रे आणि जोडलेले दाखले या फाईलमध्ये येत नाहीत. ते वेगळे उतरवावे लागतात, आणि आमचे नेमके तेच राहून गेले. शेवटी कोणत्याही वीस मुलांच्या नोंदी मूळ पडद्याशी ताडून पाहाव्यात.

सर्व 18 जणांना वर्षभर खाते लागते का, हेही तपासावे. आमच्याकडे रोज नोंद करणारे फक्त पाच जण निघाले. मात्र पैसे वाचवण्यासाठी एकच पासवर्ड सर्वांना देऊ नका. मुलांची माहिती कोणी पाहिली आणि कोणी बदलली, याचा मागच राहत नाही.

संगणक शिक्षक, कराड

कंपनीला लेखी विनंती अवश्य करावी. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेतील हॅक क्लब या विद्यार्थ्यांच्या सेवाभावी संस्थेकडे स्लॅक या गटसंवादाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने वर्षाला सुमारे 2 लाख डॉलर मागितले होते, आणि गोष्ट जाहीर होऊन लोक बोलू लागल्यावर कंपनीने माघार घेतली. तोवर ती संस्था मॅटरमोस्ट या मुक्त सॉफ्टवेअरकडे जाण्याच्या तयारीला लागलेली होती, हेही लक्षात घ्यावे. मुक्त सॉफ्टवेअरला परवान्याचे शुल्क नसते, पण सर्व्हरचे भाडे आणि सांभाळणारा माणूस लागतोच. हंगाम संपेपर्यंत बदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साखरशाळा कार्यकर्ती, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री नोंदी उतरवल्या. आमच्याही फाईलमध्ये तशीच चिन्हे आली होती, आणि दहिवडीच्या दादांनी आधी सांगितले नसते तर मीही हबकले असते. दाखल्यांची छायाचित्रे उतरवण्याचे काम आज सुरू आहे. रोज नोंद करणारे सात जण निघाले, म्हणजे करासह वर्षाचा खर्च 59,472 रुपये होतो. जुना दर किमान एप्रिलअखेरपर्यंत ठेवावा, असे पत्र कंपनीला पाठवले आहे, आणि शनिवारी विश्वस्तांची तातडीची बैठक बोलावली आहे. शिक्षिकेच्या मानधनाला हात लावायचा नाही, हे त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी पहिल्याच ओळीत लिहिले आहे.