दुर्बिणीतून काढलेली शीर

बायपासमध्ये हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा देण्यासाठी पायातली शीर काढून वापरतात. ती दुर्बिणीने, म्हणजे छोट्या चिरेतून काढली तर लवकर बंद पडते, त्यापेक्षा पायावरची लांब चीर परवडली, असं काही जण म्हणतात. ही भीती बरीचशी २००९च्या एका अभ्यासातून आली. पण तो मुळात एका औषधाच्या चाचणीतल्या रुग्णांवर बेतलेला होता. कोणाची शीर कशी काढायची हे सर्जनच्या मर्जीवर होतं. पुढे २०१९मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १६ रुग्णालयांतल्या चाचणीचे निकाल आले. तिथे ११५० रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. सुमारे तीन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक, पुन्हा बायपास किंवा अँजिओप्लास्टी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पायाच्या जखमेत संसर्ग मात्र दुर्बिणीच्या गटात १.४ टक्के, तर चिरेच्या गटात ३.१ टक्के. अर्थात तिथे शीर काढणारे सगळे या कामात मुरलेले होते. शिकाऊ हाताने शीर ओढली-ताणली तर आतलं नाजूक अस्तर दुखावतं, आणि मग छोट्या चिरेचं कौतुक काय कामाचं?

शीर काढायची तिसरी पद्धत म्हणजे 'नो-टच'. स्वीडनमधल्या सर्जन सोझा यांनी ती रूढ केली. शीर सोलून न काढता भोवतीच्या चरबीसकट उचलायची आणि दाबाने द्रव भरून फुगवायची नाही. अशी शीर जास्त काळ उघडी राहते असं त्यांच्या गटाचे निष्कर्ष सांगतात. पण त्यासाठी सहसा मोठी चीर लागते आणि पायाची जखम जास्त त्रास देते. मधुमेह्यांना तर विशेष.