फिरत्या वाचनालयाचा निधी आणि एफसीआरए

प्रेषक: शिक्षणमदत समिती

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत आपल्या मंडळाने केलेल्या पाडव्याच्या कार्यक्रमातून उरलेली रक्कम मराठवाड्यातल्या त्या लहान संस्थेच्या फिरत्या वाचनालयाला द्यायचं बैठकीत ठरलं. पण संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशातून देणगी घ्यायला भारतात लागणारी सरकारी नोंदणी, नाही. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेकडे ती आहे आणि ते आपले पैसे पुढे पोचवायला तयार आहेत. तसं करायचं, की प्रत्येकाने थोडेथोडे थेट पाठवायचे? खजिनदारदादा, लवकर कळवा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पुस्तकं पोचावीत अशी फार इच्छा आहे.

प्रेषक: खजिनदार

ताई, पुण्याचा मार्ग बंद आहे. एफसीआरए कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली देणगी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. त्याआधी निदान नोंदणीकृत संस्थांमध्ये हे चालत असे. मोठ्या संस्थेने हिशेब सांभाळायचा आणि गावातल्या चार कार्यकर्त्यांनी काम करायचं, अशी कितीतरी कामं याच रीतीने उभी राहिली होती.

थेट पाठवण्याबद्दल नीट वाचा, कारण इथे बरेच जण चुकतात. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या बँक खात्यातून पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. ग्रीन कार्ड असलं तरी हरकत नाही. संस्थेने पासपोर्टची प्रत मात्र मागून ठेवावी. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्यांचे पैसे विदेशी, मग हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असो वा नसो. आणि मंडळ इथे नोंदलेलं असल्यामुळे मंडळाच्या खात्यातला प्रत्येक डॉलर विदेशी, सगळे सभासद भारतीय नागरिक असते तरीही. पुस्तकं विकत घेऊन पेट्या पाठवू म्हणाल, तर वस्तूही याच कायद्यात येतात.

प्रेषक: एक आजीव सभासद

दादा, तुमच्या सुरातली नाराजी मला पटली नाही. बाहेरचा पैसा धोरणात आणि निवडणुकीत शिरू नये हे कुठल्याही देशाने पाहायलाच हवं. अमेरिकेने १९३८ मध्ये फॅरा, म्हणजे परदेशी हस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला तो हिटलरच्या जर्मनीचा प्रचार इथे चालला होता म्हणूनच. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला इथल्या निवडणुकीत देणगी देता येत नाही, आणि त्याबद्दल आपण कधी तक्रार करत नाही. २०२० ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्राह्य धरली. विदेशी देणगी घेणं हा कुणाचा निरपवाद हक्क नाही, असं त्यात स्पष्ट आहे. नियम आहे तर पाळावा.

प्रेषक: खजिनदार

काका, पाळणार आहोतच. पण तुम्ही फॅराचं नाव काढलंत म्हणून लिहितो, कारण दोन कायद्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

फॅरा बंदी घालत नाही. परदेशी सरकारच्या किंवा पक्षाच्या सांगण्यावरून इथे राजकीय काम करत असाल तर न्याय खात्याकडे नोंद करा, कुणासाठी काम करता ते सांगा. ती कागदपत्रं कुणीही उघडून वाचू शकतो. ओव्हरसीज फ्रेंड्स ऑफ बीजेपी या संघटनेने २०२० मध्ये अशी नोंदणी केलीच. शिक्षण, धर्म, ललित कला यांना त्यात सूट आहे. एफसीआरए आधी परवाना मागतो आणि तो दर पाच वर्षांनी नव्याने. परवान्याचं निलंबन आधी १८० दिवसांचं, ते आणखी १८० दिवस वाढवता येतं, आणि तेवढ्या काळात शिल्लक पैशातले फार तर २५ टक्के वापरता येतात, तेही सरकारची मंजुरी घेऊन. ज्या संस्थेच्या शिक्षिकांचे पगार यातून होतात तिला वर्षभर असं लटकत ठेवणं म्हणजे काम संपवणंच. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली.

आणि निवडणुकीचं म्हणाल, तर माझा खरा राग तिथेच आहे. मूळ कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेल्या वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी एफसीआरए मोडला, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. पुढे काय झालं? २०१६ च्या वित्त विधेयकातून ‘विदेशी स्रोत’ची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून लागू. तेवढंही पुरेना, म्हणून २०१८ मध्ये ती तारीख ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. मूळ एफसीआरए त्याच साली, आणीबाणीत आला तो राजकारणातला परकीय पैसा रोखायला. आज पक्षांना मागच्या तारखेने मोकळीक आणि गोष्टींची पुस्तकं वाटणाऱ्या संस्थेची वाट बंद! बाहेरच्या पैशावर नजर हवी हे मला मान्य आहे. ती नजर आधी सत्तेकडे जाणाऱ्या पैशावर असावी, एवढंच माझं म्हणणं.

प्रेषक: आजीव सभासद

वेदांतचा हा पुढचा भाग मला ठाऊक नव्हता. पक्षांबाबतचा तुमचा मुद्दा मान्य. मात्र पैसे एका संस्थेकडून दुसरीकडे गेले की माग राहत नाही, ही सरकारची काळजी मला अजूनही खरी वाटते. ते राहू द्या. वाचनालयाचं काय करायचं?

प्रेषक: खजिनदार

माग ठेवायला दोन्हीकडचे हिशेब मागता आले असते, काका. असो.

नेहमीच्या एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. ही संस्था तिथवर पोचलेली नाही. म्हणून पूर्वपरवानगी हाच रस्ता: एक देणगीदार, ठरलेली रक्कम, ठरलेलं काम, आणि आपलं लेखी हमीपत्र. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतील. अर्ज गृहमंत्रालयाकडे जाईल, त्यामुळे जून नक्की हुकणार.

दरम्यान भारतीय पासपोर्ट असलेल्या ज्या सभासदांना स्वतःच्या नावाने पाठवायचं आहे त्यांनी संस्थेशी थेट बोलावं. मंडळाने ते पैसे गोळा करू नयेत आणि मंडळाच्या खात्यातून तर मुळीच फिरवू नयेत. हमीपत्राचा मसुदा मी रविवारपर्यंत टाकतो. सचिवांनी मंडळाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पाठवावी, नाव अक्षरशः तसंच लागेल.